वरच्या पायरीवरचा गोटा

मित्रांनो, मी नदीत घासून गोल झालेला एक जुना गोटा आहे, आणि गोष्ट सुरू करण्याआधीच सांगून टाकतो की मी वैतागलेला आहे. म्हातारी मंडळी गोड बोलतात आणि पाठीवरून हात फिरवतात, अशी तुमची समजूत असेल तर ती बाजूला ठेवा. मला हात नाहीत, आणि गोड बोलावे असे माझ्याशी फारसे कोणी वागलेलेही नाही.

सध्या माझा मुक्काम कोलकात्यात, न्यू टाउनमधल्या एका इमारतीच्या अकराव्या मजल्यावर आहे. या शहराची जमीन कितीही खणली तरी तिच्यातून स्वतःचा म्हणावा असा एक दगड निघत नाही. चिखल, त्याखाली चिखल, त्याखाली वाळू. घरे विटांची, देवळे विटांची, एवढेच काय, रस्त्याखाली घालायची खडीसुद्धा इथे भाजक्या विटा फोडून करतात. अशा गावात दगडाची किंमत कोण करणार? त्यातून हे घर मराठी माणसांचे. यांच्या भाषेत दगड म्हणजे शिवीच. गणित चुकले की "डोक्यात दगड भरलेत का?" आणि रडू आले नाही की "दगड आहेस नुसता." हे सगळे मी दाराशी पडून रोज ऐकतो.

पण माझा खरा वैताग शिव्यांचा नाही. उत्तर बंगालच्या डोंगरात एक शाळा बांधायची होती. तिथे साठ मुले दिवसा शिकणार होती आणि त्यातली निम्मी तिथेच राहणार होती. ती शाळा चुकीच्या जागेवर बांधली जाणार होती, हे त्या जागेचा नकाशा काढणाऱ्याला कळत नव्हते आणि मला पक्के माहीत होते. मला कसे माहीत, हे समजायला तुम्हाला माझ्या जन्मापर्यंत मागे यावे लागेल.

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये म्हणतात. गोट्याचे मूळ शोधायला मात्र कोणाची हरकत नसावी. मी हिमालयातल्या एका कड्याचा तुकडा. रंगाने करडा, अंगावर अभ्रकाचे चमकते पट्टे. तेव्हा मला चांगले धारदार कोपरे होते. कड्याच्या भेगेत शिरलेले पाणी एका हिवाळ्यात गोठले, फुगले, आणि मला खाली लोटून मोकळे झाले. मी थेट नदीत पडलो. पुढे किती वर्षे मी घरंगळत होतो ते मोजलेले नाही. एखाद्या पुरात कोसभर जायचे, मग एकाच डोहात पिढ्यान्पिढ्या बसून राहायचे. शेजाऱ्यांचे धक्के खाऊन कोपरे गेले. अंगाला काही चिकटले की पुढच्या पुरात ते घासून निघायचे. त्या काळात मी स्वच्छ आणि देखणा होतो, हे आज कोणाला सांगून खरे वाटणार नाही.

माणसांना वाटते, नदी म्हणजे पाणी. पाणी ही तिची ताकद झाली. तिचे काम हमालाचे. डोंगर जे टाकेल ते उचलायचे आणि समुद्राकडे न्यायचे. माझ्या तरुणपणी फार थंडीचे युग होते. बर्फाने डोंगर फुटत होते, दरडी कोसळत होत्या, आणि पाणी मात्र जेमतेम. ओझे इतके झाले की नदीला ते पेलेना. तिने आम्हाला जागच्या जागी टाकायला सुरुवात केली. गोट्यांवर गोटे, त्यावर वाळू, त्यावर पुन्हा गोटे. सगळी दरी भरत वर आली. मी त्या भरावाच्या अगदी वरच्या थरात होतो आणि मला वाटले, चला, आता स्वस्थता मिळाली.

कसली स्वस्थता! हवा पालटली, पाऊस वाढला, दरडी कमी झाल्या. नदीकडे पाणी खूप आणि ओझे थोडे. खालून डोंगरही हळूहळू वर उचलला जात होताच. मग या बाईने स्वतःच भरलेली जमीन स्वतःच कोरायला घेतली. मधोमध चर पाडला, तो खोल केला, रुंद केला, आणि खाली जाऊन वाहू लागली. आम्ही वर कोरडे राहिलो. तिचा जुना तळ दरीच्या कडेला सपाट पायरीसारखा लटकत राहिला. खाली तिने दुसरा तळ केला, तिथे पुन्हा दगड पसरले, आणि काही हजार वर्षांनी तोही सोडून आणखी खाली गेली. मग तिसरा. मी वरून हे सगळे पाहत होतो. धरसोडपणाला काही मर्यादा असते, असे मला तेव्हाही वाटायचे.

आता नीट ऐका. माणूस जिना बांधतो तेव्हा खालची पायरी आधी बांधतो. नदीचा जिना उलटा असतो. सगळ्यात वरची पायरी सगळ्यात जुनी, कारण नदीने ती सगळ्यात आधी सोडली. सगळ्यात खालची सगळ्यात नवी. तिथून नदी उठून गेली आहे ती परवापरवा, आणि वाटले तर ती पुन्हा येऊन बसू शकते. यात न समजण्यासारखे काय आहे?

वर पडून राहिल्यावर माझ्या रूपाचे वाटोळे झाले. पावसाचे पाणी अंगात मुरले. झाडांच्या मुळांनी आणि कुजक्या पानांनी माझी साल खाल्ली. माझ्यातले लोखंड गंजले आणि मी बाहेरून तांबूस तपकिरी झालो. हजारो वर्षे कोणी माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. मग पायरीवर गाव वसले, गावात पत्र्याची शाळा आली, आणि शाळेत शकुनबाई आल्या. एकट्याच शिक्षिका, त्याच मुख्याध्यापिका. वर्गाचे दार वाऱ्याने आपटते म्हणून त्यांनी मला दाराशी आणून ठेवले. ती माझी पहिली नोकरी. रोज सकाळी मला पायाने सरकवत त्या म्हणायच्या, "चल भई, ड्यूटी पे लग जा." मुले माझ्यावर पाय ठेवून बुटाच्या नाड्या बांधायची. आयुष्यात मिळालेले कौतुक म्हणाल तर तेवढेच.

गेल्या हिवाळ्यात तिथे दोन माणसे आली. एक अजेय, कोलकात्यातल्या एका बांधकाम-सल्लागार कंपनीतला इंजिनियर, मूळचा वाईचा. दुसरा त्याचा सहकारी शंतनु, जन्मापासून कोलकात्याचा. पत्र्याच्या शाळेऐवजी पक्की शाळा आणि वसतिगृह मंजूर झाले होते. जागा दोन होत्या. एक वर, गावाशेजारी, आमच्या पायरीवर. तिथे जीप पोचत नाही. दुसरी सगळ्यात खालच्या पायरीवर, रस्त्याला लागून, सपाट आणि मोकळी. हिवाळ्यात नदी बिचारी एका कडेला बोटभर होऊन वाहत होती, त्यामुळे ती जागा कोणालाही आवडावी अशीच दिसत होती.

अजेय माणूस वाईट नाही. कष्टाळू आहे, आणि फुकटचा चहासुद्धा घेत नाही. पण तो सह्याद्रीच्या कुशीत वाढलेला. त्याच्या गावच्या डोंगरांनाही पायऱ्या असतात. तिथे लाव्ह्याचे थर एकावर एक ओतले गेले, म्हणून तिथे सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. हे त्याने शाळेत पाठ केलेले, आणि गड चढताना शंभर वेळा मित्रांना सांगितलेले. त्याने आमच्या दरीकडे पाहिले आणि लगेच म्हणाला की खालचे ते जुने. शंतनुचे आयुष्य कोलकात्याच्या चिखलात भोके पाडून माती तपासण्यात गेलेले. त्याने मान डोलावली.

"एकदम ठीक, अजेयदा. जितना नीचे, उतना पुराना. हमारे बोरिंग में भी यही होता है."

एक डोंगरातला, एक चिखलातला, आणि दोघांचे एकमत! कंपनीतली भूगर्भतज्ज्ञाची खुर्ची दोन वर्षे रिकामी होती, तेव्हा यांना अडवणारे कोणी नव्हते. अजेयने वहीत लिहिले की खालची पायरी सर्वात जुनी, नदीने ती केव्हाच सोडली आहे, तेव्हा बांधकामाला सुरक्षित. मी दोन हातांवर पडलेलो होतो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मग त्याला नमुने घ्यायची आठवण झाली. शकुनबाईंना विचारून त्याने मला उचलले, माझ्यावर काळ्या मार्करने 'वरचा' असे लिहिले, आणि खालच्या पायरीवरून माझ्याएवढाच दुसरा एक गोटा उचलून त्यावर 'खालचा' असे लिहिले. दोघांना तांदळाच्या एकाच पोत्यात कोंबले. वर पठ्ठ्या मला तळहातावर तोलत शंतनुला समजावतो कसा, की वर रस्ता काढण्यापेक्षा खालची जागा बरी, आमच्याकडे म्हणतात ना, दगडापेक्षा वीट मऊ. माझ्या तोंडावर!

हावड्याला उतरलो तेव्हा पोते उचलणारा हमाल कळवळून म्हणाला, "बाबू, पत्थर भरा है क्या इसमें?" अजेय म्हणाला, "हाँ." हमालाने त्याच्याकडे असे काही पाहिले की मला त्या पोत्यातही बरे वाटले.

कोलकात्यात आमचे नशीब ठरायला दोन मिनिटे लागली. अजेयची बायको कादंबरी हिने पोते उघडले. 'खालचा' करडा, गुळगुळीत, अभ्रकाने चमचमणारा. तो दिवाणखान्यातल्या शोकेसमध्ये बंगालातल्याच बांकुड्याच्या मातीच्या घोड्याशेजारी जाऊन बसला. मी तपकिरी, खरबरीत, हात लावला की बोटाला माती लागावी असा. मला बाल्कनीच्या दाराशी टाकले. चैत्र-वैशाखात इथे संध्याकाळची वादळे येतात तेव्हा ते दार धरून ठेवायचे, आणि एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याच्या करंगळीला लागून शिव्या खायच्या. कालचे पोर काचेत आणि मी दाराबाहेर. पाहुणे त्याला हातात घेऊन "किती सुंदर!" म्हणायचे, आणि तो मेला फुगून बसायचा.

त्यांची बारा वर्षांची मुलगी मुग्धा मात्र मला अधूनमधून धुवायची. ती इथेच वाढलेली, तिचे मराठी हिंदीच्या आधाराने चालते. "आई, हा दगड इतका गंदा का आहे? मी रोज धुते, तरी पण ब्राउनच राहतो," ती म्हणायची. "जन्माचाच तसा असेल," कादंबरी म्हणायची. जन्माचा नव्हे हो बाई, म्हातारपणाचा! पण मी सांगणार कसा?

आठ महिने गेले. नकाशे झाले, खर्चाला मंजुरी मिळाली. श्रावण आला. नारळी पौर्णिमा शनिवारी होऊन गेली होती, पण इथे सणसुद्धा सुट्टी पाहून करावे लागतात, म्हणून नारळी भात रविवारी ठरला. बँकेत बदलून आलेल्या वृंदाताई आणि त्यांचे यजमान जेवायला यायचे होते. आणि सोमवारी सकाळी अजेयला शाळेच्या जागेच्या अंतिम अहवालावर सही करायची होती. पावसाळा संपला की खालच्या पायरीवर पाया खोदायला सुरुवात.

रविवारी सकाळी त्याने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. पंख्याने तो उडायला लागला तेव्हा दाराशी येऊन त्याने मला उचलले आणि नकाशावर ठेवले. बरोबर त्या खालच्या पायरीवर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. पायरीचे वय काढायला माणूस आठ महिने हिशेब करतो, आणि ज्याच्या अंगावर ते लिहिले आहे त्याला कागद दाबायला ठेवतो.

तेवढ्यात शकुनबाईंचा फोन आला. अजेयने तो स्पीकरवर टाकला.

"सर, फिर से बोल रही हूँ. नीचे मत बनाइए. नीचे कोई घर नहीं बनाता. वहाँ सिर्फ गाय चरती है."

"शकुनजी, घर इसलिए नहीं हैं कि गाँव ऊपर बसा," अजेय शांतपणे म्हणाला. "नीचे की ज़मीन सबसे पुरानी है. पुरानी ज़मीन भरोसे की होती है."

"किसने बोला पुरानी है?"

"मैंने हिसाब किया है."

"मेरी सास ने वहाँ पानी देखा है, सर."

"खेत में पानी सब देखते हैं, शकुनजी. आप चिंता मत कीजिए."

फोन बंद झाला. अजेय कादंबरीला म्हणाला, "बाई फार चांगल्या आहेत गं. पण गावातल्या लोकांचा समज काढणं कठीण." मित्रांनो, मला हातपाय असते तर मी त्या टेबलावरून उडी मारली असती. साठ मुले, आणि हा समज काढतो आहे!

साडेअकरा वाजता कादंबरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अजेय, ते टेबल मोकळं कर. बारा-साडेबाराला माणसं येतील, आणि माझा नारळ अजून फुटायचाय."

आता नारळाची यांच्याकडे मोठी अडचण आहे. हिला माहेरी नारळ दगडावर आपटून फोडायची सवय. बंगाली शेजारणी कोयत्याच्या पाठीने टकटक करत फोडतात, ते हिला जमत नाही. एकदा तिने बाल्कनीच्या कठड्यावर फोडला तर नारळाचे पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या साड्यांवर गेले, आणि सोसायटीचे पत्र आले. एकदा फरशीवर आपटला तर फरशी तडकली. तेव्हापासून ती दुकानदाराकडूनच फोडून आणायची. या वेळी गडबडीत अख्खा आणला होता. तिने टेबलावर पाहिले, मला उचलले, स्वयंपाकघरात पोते पसरून त्यावर ठेवले आणि दोन्ही हातांनी नारळ माझ्यावर आपटला.

पहिल्या ठोक्याला मी सहन केले. दुसऱ्यालाही केले. तिसऱ्या ठोक्याला माझे दोन तुकडे झाले.

नारळ शाबूत होता.

दुखले का म्हणून विचाराल, तर दुखले. हजारो पूर सोसलेला मी, एका शेंडीच्या नारळाने फुटलो. लाज वाटली. जन्मापासून आजवर माझ्या आतल्या भागाला उजेड लागला नव्हता. तो एकदम लागला आणि मला उघड्यावर पडल्यासारखे झाले.

"आई! नारळ नाही फुटला, दगड फुटला!" मुग्धा हसून लोळायची बाकी होती.

"अजेय, तुझा हा दगड नासका निघाला रे," कादंबरी ओरडली. "मुग्धा, तो शोकेसवाला आण."

"अगं, तो नको, तो सॅम्पल आहे," टेबलाशी नकाशा गुंडाळत अजेय म्हणाला.

"आणि हा कोण होता मग? आठ महिने दाराला लावलास तेव्हा नाही आठवलं?"

शोकेसवाला आला. एकाच ठोक्यात नारळाची दोन भकले झाली. त्या देखण्याच्या काठाचा मात्र नखाएवढा टवका उडाला. इतक्या वैतागात मला तेवढाच काय तो आनंद झाला.

मुग्धाने माझा अर्धा तुकडा आणि तो टवका उडालेला गोटा शेजारी शेजारी ठेवले आणि उकिडवी बसून पाहत राहिली. "बाबा, इकडे ये ना. हा आतून ग्रे आहे, बाहेरून ब्राउन. जाडा ब्राउन, पावाची साल असते तसा. आणि हा तर साराच ग्रे आहे. साल नाहीच आहे याला."

अजेय आला. त्याने माझा तुकडा हातात घेतला. अभ्रकाचे पट्टे दोन्हीत सारखेच, दगड एकाच जातीचे. माझ्यावर पुसट झालेला 'व' अजून दिसत होता.

"हा वरचा," तो स्वतःशीच म्हणाला. "याला एवढा गंज, आणि खालच्याला काहीच नाही. हे उलट झालं. पाण्याजवळचा जास्त गंजायला हवा."

कादंबरी खोबरे खवत होती. तिने मान वरही केली नाही. "का म्हणून? माझा लोखंडी तवा रोज घासते, त्याला कधी गंज बघितलास? मे महिन्यात आपण तीन आठवडे वाईला जाऊन आलो, तेव्हा कसा झाला होता? नदीत दगड रोज घासला जातो. बाहेर पडला की गंज धरतो. जो आधी बाहेर पडला त्याला जास्त. त्यात एवढं काय आहे?"

त्या बाईने आठ महिने माझ्यावर पाय आपटून मला शिव्या दिल्या होत्या. त्या क्षणी मी तिला सगळ्या माफ केल्या.

अजेयने तुकडा खाली ठेवला. त्याने मुग्धाच्या कंपासपेटीतली पट्टी आणली. माझी गंजलेली साल तेरा मिलिमीटर भरली. दुसऱ्याची मोजताच येईना. त्याने दोनदा मोजले. मग तो तिथेच स्वयंपाकघराच्या जमिनीवर, नारळाच्या शेंड्यांमध्ये बसला आणि बोटाने फरशीवर पायऱ्या काढू लागला. आधी खालून वर काढल्या. पुसल्यासारखे केले. मग वरून खाली काढल्या.

"इथे कोणी काही ओतलेलं नाही," तो हळूच म्हणाला. "नदी खाली खाली गेलीय. कादंबरी, मी सगळं उलटं लिहिलंय. ती ज्या जागेवरून आत्ता उठली तिथेच मी शाळा ठेवलीय. पोरं झोपणार आहेत गं तिथे."

बेल वाजली. वृंदाताई आल्या होत्या. कादंबरीने त्याला दंडाला धरून उठवले आणि म्हणाली, "मी बघते त्यांच्याकडे. तू आधी फोन कर."

बाल्कनीत जाऊन त्याने फोन लावला, आणि सगळे सांगितले. लपवाछपवी केली नाही, एवढे श्रेय त्याला द्यायला हवे.  पलीकडून शकुनबाई म्हणाल्या, "सर, मैंने तीन बार बोला था." आवाजात राग होता आणि रडूही होते. "ऊपर बनाइए. बच्चे चढ़ लेंगे. रोज चढ़ते ही हैं."

सोमवारी जेवणाच्या पिशवीत घालून अजेयने माझे दोन्ही तुकडे आणि तो करडा गोटा ऑफिसला नेले आणि साहेबांच्या टेबलावर मांडले. साहेब श्यामसुंदर म्हणून, नागपूरकडचे, कंपनीत मराठी बोलायला मिळते म्हणून एरवी अजेयवर खूश असणारे. त्या दिवशी नव्हते.

"एका फुटक्या गोट्यावरून तू जागा बदलणार? सगळं मंजूर झालंय, अजेय. वर ट्रक जात नाही. लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"गोट्यावरून नाही, सर. चूक माझी आहे. गोटा फुटला म्हणून दिसली."

"मग नदीच्या बाजूने भिंत घाल."

"भिंत किती उंच घालायची ते मला माहीत नाही, सर. मी सही करणार नाही."

साहेब लालबुंद झाले. तासभर खडाजंगी झाली. शेवटी ठरले की शंतनुने जाऊन दोन्ही पायऱ्यांवर खड्डे खणावेत, आणि मग बोलावे. पाऊस ओसरल्यावर शंतनु गेला. वरच्या खड्ड्यात लाल माती आणि हातोडीने भुगा होतील असे माझे गंजके भाऊबंद निघाले. खालच्या खड्ड्यात कंबरभर खोलीवर, नदीच्या स्वच्छ वाळूत, एक लहान मुलाची रबरी चप्पल निघाली. निळ्या पट्ट्याची. वर कंबरभर वाळू घालून नदी निघून गेली होती, आणि ते काही हजार वर्षांपूर्वी नव्हे. शकुनबाईंच्या सासूने पाहिलेले पाणी ते हेच.

शंतनुने फोटो पाठवला. साहेबांनी तो पाहिला आणि वरच्या जागेला होकार दिला. भिंतीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता शाळा वर बांधली जाते आहे. सिमेंटच्या गोण्या माणसे आणि खेचरे वर नेतात, काम हळू चालते, आणि ऑफिसात अजेयला अजून टोमणे बसतात. या वर्षी पूर आला का, म्हणून लोक विचारतात. नाही आला. खालच्या पायरीवर गाई मजेत चरत आहेत. "बघ, काही झालं असतं का?" असे म्हणणारे महाभागही भेटतात. त्यांना मी काय सांगू? नदी पुढच्या वर्षी येईल की शंभर वर्षांनी, ते मलाही ठाऊक नाही. जागा तिची आहे, एवढे ठाऊक आहे.

माझा एक तुकडा ऑफिसात धूळ खात आहे. दुसरा मुग्धाच्या टेबलावर आहे, आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला माझी साल दाखवून वरची पायरी जुनी कशी ते समजावते. "दगडाने सांगितलं," असे ती मोठ्या अभिमानाने म्हणते, आणि ऐकणारे माझे कौतुक करतात. आयुष्यभर ज्या कौतुकाची वाट पाहिली ते आता मिळते आहे, आणि खरे सांगतो, मला ते घेववत नाही.

कारण मित्रांनो, सांगितले शकुनबाईंनी. एकदा नव्हे, तीनदा. त्यांना तोंड होते, शब्द होते, पाणी पाहिलेली सासू होती. तरी त्यांचे खरे ठरायला मला फुटावे लागले. तुम्ही मोठे व्हाल, नकाशे काढाल, हिशेब कराल. खुशाल करा. पण जिथे बांधायला जाल तिथे आधी जो राहतो आहे त्याला विचारा, आणि तो बोलला की ऐका. दर वेळी कोणाच्या घरी नारळ फुटायचा राहिलेला असेलच असे नाही.